अर्ध्या बुशेलचं पाप

सभागृहाच्या दारावर त्या रविवारी इनामासाठी मारलेल्या लांडग्यांची तीन मुंडकी ठोकलेली होती. दोन ताजी, एक गेल्या महिन्यातलं. आत एकशे चार माणसं होती, पायांना ऊब मिळावी म्हणून आणलेली अकरा कुत्री होती, व्यासपीठावर वाळूचं एक घड्याळ होतं आणि शेगडी एकही नव्हती. एकशे चारांपैकी मंडळीचे सभासद एकतीस. उरलेली त्र्याहत्तर माणसं तेवढ्याच थंडीत तेवढाच वेळ बसत, तेच प्रवचन ऐकत आणि पाळकांच्या पगारासाठी तितकाच मका देत. फक्त त्यांचा उद्धार होणार की नाही, हे अजून ठरायचं होतं.

ही मोजदाद केली होती होपस्टिल टार्बेलने, आणि तो त्या त्र्याहत्तरांतला. तो पिंपं, बादल्या आणि धान्याची मापं करायचा. समोर जे असेल ते मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. हॅडन्स नेकच्या त्या खाडीकाठच्या वस्तीत त्याच्या हातचं पिंप कधी गळलं नव्हतं. त्यात खारवलेला कॉड भरून बार्बाडोसला जायचा, आणि तिथून तक्रार आलीच तर ती माशाची यायची, पिंपाची नाही.

बायकांच्या बाजूला, मागून दुसऱ्या बाकावर, त्याची बायको मेहिटेबल बसली होती. तिच्या शालीतून खोकल्याचा बारीक आवाज येत होता. मुलगी दीड महिन्याची होती आणि तिला अजून नाव नव्हतं. नाव द्यायचं ते बाप्तिस्म्याच्या वेळी, आणि बाप्तिस्मा मिळायचा तो फक्त सभासदाच्या मुलाला. बाप्तिस्म्याने कुणी तरत नाही, तसं मानणं ही रोमच्या पोपची अंधश्रद्धा आहे, असं पाळक विकम वर्षातून एकदा तरी समजावून सांगत. वस्तीला ते पटलेलंही होतं. तरी गेल्या हिवाळ्यात विणकराचं बाप्तिस्मा न झालेलं मूल पुरलं, तेव्हा खड्ड्यापाशी कुणी फार वेळ रेंगाळलं नव्हतं. होपस्टिल तिथे होता. शेवटी तो, विणकर आणि फावडं एवढेच उरले होते.

सभासद व्हायचं तर मंडळीसमोर उभं राहून आपलं पाप सांगावं लागे: आपण किती खोल बुडालो होतो आणि देवाच्या कृपेने कसे वर आलो. मग मत घेतलं जाई. पण त्याआधी पाळकांच्या स्वयंपाकघरात तपासणी व्हायची. होपस्टिलची तपासणी आदल्या मंगळवारी झाली होती, आणि ती काही बरी झाली नव्हती.

"सांग," पाळक म्हणाले होते. पाळक विकम उंच, कोरडे आणि न्यायी गृहस्थ होते. कुणाचं वाईट चिंतायचे नाहीत आणि कुणाला सोडायचेही नाहीत. शेजारी डीकन अमाझिया थर्स्टन बसले होते. वस्तीतलं धान्याचं एकमेव दुकान त्यांचं, आणि मंडळीत पाळकांच्या खालोखाल शब्द त्यांचाच चालायचा.

"एकदा प्रवचनात डुलकी लागली होती," होपस्टिल म्हणाला.

"घड्याळ किती वेळा उलटलं होतं तेव्हा?"

"तीनदा."

पाळकांनी डीकनकडे पाहिलं. डीकन तुळईला टांगलेल्या भोपळ्याच्या फोडींकडे बघत राहिले. त्या प्रवचनात तेही झोपले होते.

"पुढे."

"घोड्यावर रागावलो."

"मारलंस?"

"नाही. बोललो."

"काय बोललास?"

"म्हटलं, हे काही तू बरं केलं नाहीस."

"आणखी?"

होपस्टिलने बराच विचार केला. "मागच्या उन्हाळ्यात एक पिंप फार सुरेख झालं होतं. मला त्याचा अभिमान वाटला."

पाळक पुढे झुकले. "अभिमान. हे ठीक आहे. किती दिवस?"

"दुपारपर्यंत. मग खालचा पट्टा केसभर सैल दिसला."

डीकनने सुस्कारा सोडला. "अरे होपस्टिल, तू पापं सांगतोयस की स्वतःची शिफारस करतोयस?"

"आहेत ती एवढीच आहेत, डीकनसाहेब."

"जोब ट्रॅस्कची साक्ष ऐकलीस ना तू?" पाळक म्हणाले. "रम, फासे, स्वतःच्या सासऱ्याची बोट बुडवली. माणसं ढसाढसा रडली."

"मीही रडलो होतो, पाळकसाहेब."

"मग?"

"माझ्याकडे तसलं काही नाही."

पाळकांनी हात जोडून टेबलावर ठेवले. त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. "ज्याला स्वतःत काही सापडत नाही, त्याची अवस्था सगळ्यांत भयंकर. जोबला आपली घाण दिसली, म्हणून तो वाचला. तू अजून डोळेच उघडले नाहीस. रविवारपर्यंत शोध. सापडलं तर उभा राहा. नाही सापडलं तर बसून राहा."

घरी मेहिटेबल चुलीवर मक्याची पेज ढवळत होती. मुलगी तिच्या खांद्यावर होती.

"काय म्हणाले?"

"माझी पापं कमी पडली."

"घोड्याचं सांगितलंत?"

"सांगितलं."

"ते सांगायला नको होतं. त्याने उलट वाईट दिसलं असणार." ती ढवळत राहिली. मेहिटेबलची स्वतःची तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली होती. डीकनसाहेब नरकाच्या ज्वाळांचं वर्णन करत असताना त्यांच्या तोंडातून थुंकीचा फुगा आला आणि ती हसली. तेव्हापासून तिचा अर्ज तहकूब होता. "माझ्याकडे बघा. एक पाप केलं, पण सगळ्या वस्तीच्या लक्षात राहिलं. आणि तुम्हाला एवढ्या वर्षांत एकही धड जमू नये?"

"मग काय खोटं सांगू?"

"खोटं नका सांगू. काहीतरी करायचं राहून गेलं असेल ते आता करा, आणि आधी केलं म्हणून सांगा."

"म्हणजे खोटंच."

मुलगी खोकली. खोकला थांबायला वेळ लागला.

"तिचं नाव मी ठरवलंय," मग मेहिटेबल म्हणाली. "पण सांगणार नाही. तोंडातून गेलं आणि नंतर लागलंच नाही तर?"

होपस्टिल कामाच्या खोलीत जाऊन बसला. शोधायचं म्हटल्यावर तो पद्धतशीर शोधणार. माणसं कशावर रडतात? ज्या गोष्टीने सांगणाऱ्याची मान खाली जाते, त्यावर. म्हणजे पाप निवडायचं ते स्वतःला सगळ्यांत जास्त लाज आणणारं. समोर फळीवर धान्य मोजायचं त्याचं अर्ध्या बुशेलचं, म्हणजे मोठ्या बादलीएवढं, लाकडी माप होतं. शेजारीपाजारी मका उसना न्यायला किंवा फेडायला आले की तेच वापरायचे. दुकानातल्या मापाबद्दल शंका आली तरी ते आणून ताडून बघायचं धाडस कुणी करत नसे, कारण दुकान डीकनचं होतं. होपस्टिलने त्या मापाकडे पाहिलं आणि चटकन त्यावर फडकं टाकलं. त्यावरून त्याला कळलं, की पाप सापडलं.

तर त्या रविवारी तो उभा राहिला.

"माझ्या घरातलं अर्ध्या बुशेलचं माप खोटं आहे," तो म्हणाला. "मी ते जाणूनबुजून कमी केलं. तुम्ही भरवशाने आलात आणि मी तुम्हाला त्याच मापाने दिलं."

एका कुत्र्याने जांभई दिली. मग पुढच्या बाकावरून जोब ट्रॅस्कचा हुंदका आला. जोब आता अशा कामात वाकबगार झाला होता. त्यापाठोपाठ बायकांची बाजू भिजली. ज्या माणसाचा सद्गुण इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांत खुपत होता, तो माणूस एकदाचा आपल्यातला निघाला. होपस्टिलकडे इतक्या प्रेमाने कधी कुणी पाहिलं नव्हतं. फक्त मेहिटेबल खाली मान घालून शालीकडे बघत होती.

तेवढ्यात डीकन थर्स्टन उठले.

"बंधू होपस्टिल, माझ्या दुकानातलं माप कुणी केलं?"

"मीच केलं, डीकनसाहेब."

डीकन मटकन बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सभागृहभर कुजबुज गेली. लोकांना आपापल्या घरातल्या दर हिवाळ्यात लवकर संपणाऱ्या पोत्यांचा अर्थ एकदम लागला. बिचारे डीकन, इतकी वर्षं नकळत. होपस्टिलला काही बोलायचं होतं, पण त्याला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं.

रडले नाहीत ते एकटे पाळक विकम.

"मंडळी अश्रूंवर निर्णय घेत नाही," ते म्हणाले. "गुरुवारी बॉस्टनहून मापं तपासणारा अधिकारी सरकारी पितळी माप घेऊन येतोय. दोन्ही मापं सगळ्यांसमोर तपासली जातील. लाकूड हवेने आखडतं, थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच. पण याच्या घरचं माप एक मूठ किंवा त्याहून जास्त कमी भरलं, तर या माणसाची साक्ष खरी. मग त्याला आत घ्यायचं आणि येत्या रविवारी त्याच्या मुलीला बाप्तिस्मा द्यायचा. पण ते पूर्ण भरलं, तर तो देवाच्या घरात उभा राहून खोटं बोलला, आणि त्याच्यासाठी हे दार पुन्हा उघडणार नाही."

हे इतकं रास्त होतं की कुणाला काही आक्षेप घेता येईना.

सोमवारी सकाळी डीकन कामाच्या खोलीत आले. बुटांवरचा बर्फ झटकून त्यांनी ते माप फळीवरून उचललं, आत डोकावलं, काठावरून अंगठा फिरवला.

"हे अगदी बरोबर आहे. नाही का?"

होपस्टिलने हातातली फळी घासायला घेतली.

"मला वाटलंच होतं. अरे, मी तुझी पिंपं वापरत आलोय. तुझ्या हातून वाकडं काही होणं शक्यच नाही." डीकनने माप हळूच खाली ठेवलं. "आता बघ. गुरुवारी माझं माप कमी भरणार."

"का?"

"तू केलंस म्हणून."

"मी केलं तेव्हा ते पूर्ण होतं. तुमच्यासमोर ताडून दिलं होतं."

"त्याला सहा वर्षं झाली. लाकडाचं काय सांगावं."

कोपऱ्यात मेहिटेबल मुलीला पाजत बसली होती. "डीकनसाहेब, लाकूड आपणहून तळाशी दुसरी फळी बसवून घेतं का हो? माझ्या बहिणीने तुमच्या मापात हात घालून पाहिला होता. मनगटाच्या वरपर्यंत जायला हवा तो बोटभर आधीच थांबला."

"बाई," डीकन थंडपणे म्हणाले, "तुझं ते हसू मंडळी अजून विसरलेली नाही." मग ते पुन्हा होपस्टिलकडे वळले आणि त्यांचा स्वर वडीलकीचा झाला. "माझं कमी भरलं आणि तुझं पूर्ण भरलं, तर काय दिसेल? तू खोटारडा दिसशील. आणि लोक माझ्याबद्दल नाही नाही ते बोलतील. मंडळी फुटेल. दोन्ही कमी भरली तर सगळं सुरळीत. एका माणसाचं पाप, त्याचा पश्चात्ताप, आणि एका लेकराला नाव. मी तुला खोटं बोलायला सांगत नाही हं. बोलून तू मोकळा झालायस. आता फक्त ते खरं कर."

ते गेल्यावर होपस्टिलने दार लावलं. रंधा काढला. पातं नेहमीपेक्षा खाली ठोकलं. काठावरून किती लाकूड गेलं तर एक मूठ जाईल, याचा हिशेब त्याच्या डोक्यात तो नको म्हणत असतानाच होऊन गेला होता: चाकूच्या पात्याच्या जाडीएवढं. रंधा काठावर टेकवून तो उभा राहिला. ज्या फळ्यांचे सांधे त्याने एका वसंतात तीन आठवडे घासले होते, ते बोटांना लागत होते.

"अहो," मेहिटेबल म्हणाली, "मी सांगत नाही हं, करा म्हणून."

"माहीत आहे."

"पण केलंत तर लवकर करा. तिला ताप आलाय."

त्याने रंधा एकदा गोल फिरवला. लाकडाची लांब, पातळ साल वळत वळत जमिनीवर पडली. मेहिटेबलने ती उचलून चुलीत टाकली. राखेखालच्या निखाऱ्यांवर ती आधी धुपली, मग भडकली.

"ताडून बघा," ती म्हणाली. "नाहीतर आणखी एकदा फिरवा. कमी पडलं तर?"

होपस्टिलने माप फळीवर ठेवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हातातलं काम न मोजता सोडलं होतं. मोजलं असतं तर ते काम झालं असतं. तसंच सोडलं, म्हणून ते पाप झालं, आणि ते नेमकं केवढं आहे हे आपल्याला कळू नये असं त्याला वाटलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पाळकांच्या प्रवचनात नरकातल्या ज्या भट्टीचं, न मरणाऱ्या ज्या किड्याचं वर्णन असे, ते सगळं छातीत जागच्या जागी होतं, अगदी वर्णनाबरहुकूम. आता तपासणी घेतली असती तर तो पहिल्या प्रश्नालाच उत्तीर्ण झाला असता.

गुरुवारी सभागृह रविवारपेक्षा जास्त भरलं होतं. तपासणारा अधिकारी ठेंगणा, सर्दी झालेला माणूस होता. त्याने दोन बाकं जोडून त्यावर चादर अंथरली आणि पितळी माप मधोमध ठेवलं. ते इतकं चकचकीत होतं की कुत्रीसुद्धा त्याच्याकडे बघू लागली.

आधी डीकनचं माप. पितळी मापात मका भरला, वरून सरळ पट्टी फिरवली आणि तो दाणा न् दाणा लाकडी मापात ओतला. माप लवकरच काठोकाठ भरलं. बाकीचा मका चादरीवर सांडला. अधिकाऱ्याने तो मुठीने उचलला: आठ मुठी.

बायकांच्या बाजूने कुणीतरी "अगं बाई" म्हटलं.

अधिकाऱ्याने माप रिकामं करून आत दिवा धरला. मग हात घालून तळ ठोकला. तो पोकळ वाजला. त्याने सुरीने एक फळी उचकटून बाहेर काढली आणि दोन बोटांत धरली. पाइनची फळी होती. होपस्टिलने मापासाठी कधी ओकशिवाय दुसरं लाकूड वापरलं नव्हतं. फळी गोल कापली होती, पण धड गोलही नव्हती. एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट होती, आणि ती चिखलाने लिंपली होती. खिळा एक. तोही वाकलेला.

"काम फारच गचाळ आहे," अधिकारी नाक पुसत म्हणाला. "हे कुणाचं?"

सगळ्यांनी होपस्टिलकडे पाहिलं. डीकनने मात्र छताकडे पाहिलं.

होपस्टिल त्या फटीकडे बघत होता. लबाड म्हणवून घेण्याची तयारी करूनच तो आला होता. चार दिवस त्याने तीच तयारी केली होती. पण असला सांधा माझा आहे असं सगळ्या वस्तीसमोर म्हणावं लागेल, याची नाही. तो वाकडा खिळा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. 'माझा नाही' हे शब्द तोंडात आलेच होते. मग मागून दुसऱ्या बाकावरून खोकला ऐकू आला. रविवारच्यापेक्षा तो आता खोल होता आणि लहान होता.

"माझं," तो म्हणाला.

"खिळासुद्धा?"

"खिळासुद्धा."

पाळक विकमनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी करुणा दिसली. "आता दुसरं," ते म्हणाले.

अधिकाऱ्याने होपस्टिलचं माप जवळ ओढलं. उचलताच त्याच्या भुवया वर गेल्या. ते हातात धरल्यावर कुणाच्याही जायच्या. त्याने तळ ठोकला. तळ घट्ट वाजला. काठावर बोट फिरवून तो क्षणभर थांबला. होपस्टिलने मेहिटेबलकडे पाहिलं. तिचे ओठ एकदा हलले. ती प्रार्थना म्हणत असेल, नाहीतर नुसतं एक नाव म्हणून बघत असेल.

पितळी माप भरलं. पट्टी फिरली. मका लाकडी मापात पडू लागला, आधी आवाज करत, मग आवाज न करता. पाऊण भरलं. भरत आलं. अधिकाऱ्याने पितळी माप उभं उलटं केलं आणि बुडावर थाप मारली. मग लाकडी मापावरून हलक्या हाताने पट्टी फिरवली, आणि पट्टीपुढे ढकलला गेलेला मका चादरीवर पडला.

तो त्याने एका हातात गोळा केला आणि मूठ मिटली.

मूठ भरली. चादरीवर तीन दाणे उरले.